गाव सांगायचं की लपवायचं

'बसमध्ये चढा, दोन-तीन दिवसांत परत याल,' असं पोलीस भोंग्यावरून सांगत होता, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडावर मास्क, अंगावर पांढरा झगा. तूच सांग, दादा, सांगणारा बांधून-झाकून आणि ऐकणारे उघडे, म्हणजे माणसानं काय समजायचं? मी गॅस बंद केला, लेकीला, सुजाताला, उचललं, भिजवलेली मटकी तशीच राहिली. लग्न होऊन नेकनूरहून निघाले तेव्हा आईनं काळ्या मसाल्यापासून उशीपर्यंत सगळं बांधून दिलं होतं. जपानमधल्या त्या घरातून मात्र हात हलवत निघाले.

अणुवीज केंद्र आमच्या खिडकीतून दिसायचंसुद्धा नाही. ह्यांची नोकरी मशीनच्या कारखान्यात, केंद्राशी काही देणंघेणं नाही. भूकंप झाला, समुद्र आत आला, केंद्रात स्फोट झाला आणि आमचं गाव राहण्यालायक उरलं नाही. वर गंमत बघ, तिथली वीज आम्हाला नव्हतीच, ती सगळी टोकियोला जायची. आणि त्याच टोकियोत आम्हाला खोली मिळेना! गावाचं नाव ऐकलं की घरमालक वाकून, हसून नाही म्हणायचे. टीव्हीवर मंत्री रोज सांगायचे, घाबरण्यासारखं काही नाही. मग जा ना बाबा, राहा तिथं!

सुजाताला दूध देणारे साइतो आजोबा डोंगरापलीकडे राहायचे. त्यांना हलवलं नाही, पण त्यांच्या सहकारी संघानं किरणोत्सर्गाच्या भीतीनं दूध घेणं बंद केलं. गाईची धार तर काढावीच लागते. म्हातारा रोज धार काढायचा आणि शेतात ओतून द्यायचा. फोनवर ते ऐकलं आणि मला आपले बाबा आठवले.

तुला तर माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. बाबा दूध घेऊन गावच्या दूध संस्थेत गेले की तिथले लोक आपलं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतायचे. बौद्धवाड्याचा कॅन. पुढे दुष्काळ पडला, लोकांची जनावरं बाजारात गेली. मामा तेलगावहून चाऱ्याला उसाचं वाढं आणायचा म्हणून आपली म्हैस तेवढी टिकली. संस्थेला दूध कमी पडायला लागलं, तेव्हा तेच दूध गुपचूप मोठ्या कॅनमध्ये गेलं. कुणाला काही झालं नाही! आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

शेवटी कशीबशी एक खोली मिळाली. सुजाताच्या नव्या शाळेची वेळ आली तेव्हा हे म्हणाले, 'गाव सांगायचं नाही. ओसाकाहून आलो म्हणायचं.' ह्यांचंही चुकत नव्हतं. पुण्यात खोलीसाठी आडनाव गिळावं लागलं होतं त्यांना. आमच्या भागातल्या पोरांना दुसऱ्या शाळांत जंतू म्हणतात, शिवत नाहीत, हे कानावर आलं होतं. मी घरात नुसत्या येरझारा घालायचे. एकदा वाटायचं, लपवू, पोर तरी सुखानं राहील. लगेच बाबांचं ऐकू यायचं: 'गाव इचारलं तर गाव सांगायचं. आडनाव इचारलं तर आडनाव. लाज वाटायची तर त्याला वाटंल, आपल्याला कावून?' शेवटी मी पोरीलाच सगळं सांगितलं, कॅनसकट. काय सांगायचं ते तू ठरव, म्हटलं. हे माझ्याशी बोलेनात.

पहिल्या दिवशी मला वर्गात मागे उभं राहू दिलं. बाईंनी गाव विचारलं, आणि सुजातानं गावाचं नाव घेतलं, अगदी स्वच्छ. शेजारच्या पोरीनं आपलं डेस्क हळूच बाजूला ओढलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. वाटलं, पोरीला उचलावं आणि थेट नेकनूर गाठावं, टँकरच्या रांगेत उभं राहू पण हे नको.

सुजाता उठली. स्वतःचं डेस्क दोन्ही हातांनी ओढत नेलं आणि त्या पोरीच्या डेस्कला लावलं. 'मी इथं बसते,' म्हणाली. ती पोर बघत राहिली, पण पुन्हा सरकली नाही. मी मागे उभी राहून ढसाढसा रडले, बाईंसमोरच.

तू दर फोनला विचारतोस, घरी कधी येता. मला अजून कुठंच बूड टेकवत नाही, दादा. तिकडे नेकनूरला पाणी नाही, समुद्राकाठच्या त्या गावाला कुंपण पडलंय, आणि ह्या खोलीत मी पाहुण्यासारखी वावरते. सध्या घर म्हणजे तेवढीच जागा, जिथं माझी पोर स्वतःचं डेस्क ओढून बसली.