दाराजवळच्या पाट्या

अंटार्क्टिकातल्या स्टेशनवर किस्से फार साठतात. हिवाळाभर नवा माणूस येत नाही, मग तेच किस्से आम्ही एकमेकांना तिखटमीठ लावून पुन्हा पुन्हा सांगतो.

मी लीड्सच्या हॉस्पिटलमधून इथे एकमेव डॉक्टर म्हणून आलो. बाबांचं हृदय तेव्हाच कुरकुरत होतं, तरी 'जा' म्हणून तेच मागे लागले. हीथ्रोवर घाईत मी म्हणालो, "जातो, बाबा." त्यांनी माझी बॅग धरून ठेवली.

"येतो म्हण."

म्हटल्याशिवाय बॅग सुटली नाही.

*

इथे दाराजवळ प्रत्येकाच्या नावाची पाटी असते. एका बाजूला 'आत', दुसऱ्या बाजूला 'बाहेर'. निघताना फिरवायची, परतलं की पुन्हा फिरवायची. एकही पाटी 'बाहेर' असेल, तर कुणी जेवायला बसत नाही.

पहिल्याच आठवड्यात मी परतल्यावर विसरलो. खोलीत निवांत चहा पीत होतो आणि बाकीचे मला बर्फात शोधायला बूट चढवत होते! आमचा कुक गॅरेथ, कार्डिफचा, दारात येऊन शांतपणे म्हणाला, "डॉक, सूप गार झालं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

दातही डॉक्टरनेच काढायचे. पहिला पेशंट गॅरेथच.

"आधी किती काढलेस?"

"खऱ्या माणसाचा एकही नाही."

तो मुकाट्याने आडवा झाला. "चालेल. माझं पहिलं सूप तूही संपवलं होतंस."

*

शेवटचं जहाज गेलं. आता हिवाळा संपेपर्यंत कुणालाच परतता येणार नव्हतं. त्यानंतर ताईचा फोन आला. बाबांचं हृदयाचं ऑपरेशन, तातडीने. इतरांच्या नातेवाइकांना मी आजवर धीर देत आलो. ऑपरेशनच्या सकाळी मात्र मी घाबरलो होतो.

व्हिडिओवर बाबा हसले. "येतो रे," म्हणाले आणि त्यांना आत नेलं.

गॅरेथ मागे उभा होता. त्याने अर्थ विचारला. मी म्हटलं, "आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. परत येणार, असंच सांगून निघायचं."

तो स्वयंपाकघराकडे वळला.

संध्याकाळी मेसमध्ये गेलो, तर ताटं मांडलेली आणि सगळे उभे. दाराजवळ एक नवी पाटी टांगली होती. रंग अजून ओला होता. 'बाबा'. 'बाहेर'.

बऱ्याच वेळाने ताईचा फोन आला. तिने तो बाबांच्या कानाशी धरला. आवाज अगदी खोल गेला होता.

"जेवलास का?"

मी मागे वळून पाहिलं.

"नाही, बाबा. अजून कुणीच नाही."