आखाजीच्या दिवशी ट्रेलरखाली कोण होतं?

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. एकोणीस वर्षं ट्रेलर चालवला. बरोबरचे ड्रायव्हर बंपरला लिंबू-मिरची बांधायचे, मी त्यातलं लिंबू काढून सरबत करायचो... त्यावरून शिव्याही खाल्ल्या. तेव्हा मीच इथे लिहायला बसलोय याचं मला हसू येतंय. पण बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका, म्हणजे मला दर आखाजीला तेच ऐकावं लागणार नाही.

साल एक्क्याण्णव असेल, नाहीतर ब्याण्णव. नशिराबादजवळ हायवेला लागून आमच्या ट्रान्सपोर्टचं यार्ड होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — पुढचा केबिन-इंजिनचा भाग, त्याला आम्ही घोडा म्हणतो. मागचा मालाचा भाग म्हणजे ट्रेलर. घोडा सुटला की ट्रेलर पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा राहतो. जोडताना घोडा रिव्हर्समध्ये त्याच्या पोटाखाली घालायचा. ट्रेलरखालची जाड खुंटी घोड्याच्या पाठीवरच्या प्लेटच्या खाचेत शिरते आणि लोखंडी जबडा तिच्याभोवती बंद होतो. पण ट्रेलर जरा उंच उभा असला तर खुंटी खाचेत न जाता प्लेटवर नुसती चढून बसते. केबिनमध्ये धक्का तसाच लागतो, आवाजही तसाच येतो. म्हणून कोणीतरी खाली शिरून, बॅटरी मारून जबडा बघायचाच. नाही बघितला तर भरलेला ट्रेलर कुठेतरी रस्त्यात घोड्यावरून घसरतो, आणि मग शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याचं काही खरं नाही.

आमच्याकडे हे बघायचं काम नानांचं. नाना यार्डाचे मिस्त्री, साक्रीकडचे, साठीला आलेले. पांढरी टोपी, कमरेला ग्रीसचं फडकं. घोडा जोडायला मला त्यांनीच शिकवलं. माझ्यावर जीव होता त्यांचा, पण तो शिव्यांतूनच कळायचा.

त्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. यार्डात सामसूम, ऑफिसला कुलूप. गेटवर वॉचमन कडुनिंबाखाली डुलक्या घेत होता. सळया भरलेला एक ट्रेलर त्याच दिवशी धुळ्याच्या गोडाऊनला पोचवायचा होता आणि मला तर घरी परतायची घाई. दोन्ही बहिणी माहेरी आलेल्या, आईने खापरावर पुरणपोळ्या टाकायला घेतलेल्या. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील, आणि ऊन असं की केबिनच्या दाराला हात लावता येईना.

एअर पाइप जोडले, ब्रेक लावून ट्रेलर धरला आणि घोडा मागे घेतला. ठण्ण आवाज आला. आरशात बघितलं तर नाना टोपी सावरत, वाकून ट्रेलरखाली शिरत होते. मला काहीच वेगळं वाटलं नाही. रोजचंच ते.

मग खालून आवाज आला, "उंच शे रे, बसनं नही. पुढे ले."

खुंटी बसली नाही म्हणतायत, म्हणून मी घोडा हातभर पुढे घेतला. खाली उतरून हँडलने पाय दोन फेरे आत घेऊन ट्रेलर खाली आणला, परत केबिनमध्ये चढून घोडा मागे घेतला. ठण्ण. पुन्हा उतरलो आणि पाय वर उचलायला हँडल फिरवायला लागलो. तेव्हा अगदी जवळून, गुडघ्याच्या उंचीवरून आवाज आला, "आते बरोबर शे. जाय."

मी "हो नाना" म्हणालो, हँडल अडकवलं, चाकाचे दगड काढले, एक झटका देऊन बघितला आणि निघालो.

एरंडोल, पारोळा करत अडीचच्या सुमारास धुळ्याला पोचलो. गोडाऊनच्या ओट्यावर नाना बसलेले. टोपी तीच, मांडीवर सांजोऱ्यांची पुरचुंडी. मी हसलो. म्हटलं, नाना, उडत आलात का काय? ते म्हणाले, मी तर तीन दिवस गावी आहे, लेक आलीय आखाजीला. सकाळच्या एसटीने साक्रीहून इथे उतरलो, इथे कळलं तुझी गाडी येतेय, म्हणून बसलोय, तुझ्याबरोबरच नशिराबादला यावं म्हटलं. गोडाऊनच्या मुनीमजींनी मान डोलावली. दहा वाजता नानांना चहा त्यांनीच दिला होता.

मी आदल्या रात्रीच लांबच्या फेरीवरून परतलेलो, ते गावी गेलेत हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं दोघं मिळून माझी फिरकी घेतायत. तरी मी सगळं सांगितलं, अगदी 'उंच शे'सकट. नाना हसतील असं वाटलेलं, ते हसले नाहीत. उठून सरळ गाडीखाली शिरले. जबडा नीट बंद होता. ट्रेलर सोडून घोडा मोकळा केला तेव्हा प्लेटवर, खाचेच्या वरच्या अंगाला, ताजा चकचकीत ओरखडा दिसला. म्हणजे पहिल्या वेळी खुंटी खरंच वर चढली होती, आणि ते मला केबिनमधून कळणं शक्यच नव्हतं.

मग नानांनी मला एकच विचारलं.

"मी खालतून भाईर निंघनू, ते तू देखं का?"

आमच्या धंद्यात एक गोष्ट आईच्या दुधासारखी पाजलेली असते. खाली गेलेला माणूस बाहेर येऊन ड्रायव्हरच्या समोर उभा राहिल्याशिवाय चाक हलवायचं नाही. आवाजावर तर नाहीच नाही. मी आठवायचा प्रयत्न केला. आत शिरताना पाहिले होते, शपथेवर सांगतो. बाहेर येताना...? पुरणपोळ्या आठवत होत्या, नाना आठवत नव्हते. मी शेजारी उभा राहून हँडल फिरवलं, पण एकदाही वाकून बघितलं नाही.

भूत-बित काही डोक्यात आलं नाही. खाली नाना नव्हते, म्हणजे दुसरं कोणीतरी होतं... एखादा हमाल सावलीला झोपला असेल तर? आणि मी त्याच्यावरून सळयांचा ट्रेलर नेला असेल तर? यार्डात फोन लावला, नुसतीच रिंग वाजत राहिली. आम्ही दोघं नुसता घोडा घेऊन उलटे निघालो. मी मनातल्या मनात ज्या देवांची चेष्टा करायचो त्या सगळ्यांना हाक मारून झाली.

पाच-सव्वापाचला यार्डात शिरलो. ऊन अजून होतं. ट्रेलर उभा होता ती जागा रिकामी. ट्रेलरच्या पायांच्या खुणा आणि टायरचे माग, बस. मी गुडघ्यावर बसून माती चाचपली, आजूबाजूचे सगळे ट्रेलर खालून बघितले. काही नाही. वॉचमन म्हणाला सकाळपासून गेटातून कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही.

"तू एकलाच बोलत व्हता बाप्पा," तो म्हणाला. "मले वाटलं गाडीले शिव्या देऊन राह्यला."

सुटलो म्हणून मी तिथेच मातीत बसलो आणि हसायला लागलो. म्हटलं, नाना, कोणीच नव्हतं हो. कोणी मेलं नाही.

नानांनी माझ्या कानशिलात दिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुना हिशोबमा ते मीच व्हतू ना खाले?" ते म्हणाले. "आनि तू गाडी काढी."



नंतर खूप डोकं चालवलं. उन्हाचा तडाखा म्हणावा, तर ओरखडा खरा होता. रोजची सवय कानात बोलली म्हणावं, तर सवयीला 'उंच शे' कसं कळलं? आरशात दिसलेली ती टोपी कोणाची? आजवर ज्याला त्याला विचारलं, कोणाचंच उत्तर पटत नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा.

नाना त्यानंतर पाच वर्षं यार्डात होते. बोलायचे, जेवताना ठेचा पुढे करायचे, माझ्या पोरीच्या बारशालाही आले. बाकी सगळ्यांच्या गाड्या ते खाली शिरून बघायचे. माझी गाडी लागली की बॅटरी माझ्या हातात द्यायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे.