आधी गार पाणी

बेंबळीच्या दूध सोसायटीच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी दातांचा दवाखाना भरायचा. डॉक्टर रेवणसिद्ध सोलापूरहून एसटीनं यायचे. नवी डिग्री, नवी बॅग आणि आपल्याला सगळं येतं ही समजूत, असं सगळं घेऊनच उतरायचे. हत्यारं धुवायला मुक्ताबाई होती. बौद्धवाड्यातली, चाळिशीची, मोजकं बोलणारी. आधी ती याच सोसायटीत दुधाचे कॅन धुवायची. बहात्तरच्या दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं आणि कॅन जाऊन पक्कडी तिच्या हातात आल्या.

पक्कड तोंडातून निघाली की ती लगेच गार पाण्यात बुडवायची. मग ब्रशानं खाचा घासायच्या, बिजागरी उघडून आतून घासायची, उजेडाकडे धरून बघायचं. मनासारखं झालं तरच पक्कड स्टोव्हवरच्या उकळत्या डब्यात जायची.

त्या गुरुवारी टँकर आलाच नाही. ड्रमच्या तळाशी नुसता गाळ.

"धुणं राहू द्या, मुक्ताबाई," डॉक्टर म्हणाले. "डब्यात पाणी आहे. वीस मिनिटं उकळलं की जंतू मरतात."

"मरत असतील. पर रगत शिजंल की. कॅनला आदी कढत पाणी घातलं की दूध आतच धरून बसतंय, मग खरवडून बी निघत न्हाय. त्याच्याखाली काय जित्तं ऱ्हाईल, कुनाला ठावं?"

डॉक्टर हसले आणि आधीच्या पेशंटच्या रक्ताची पक्कड तशीच डब्यात टाकली. वीस मिनिटांनी काढली, तर बिजागरीत काळपट खपली. नखानं हलेना. उकळण्याआधी रक्त गार पाण्यानं धुवायचं, हेच कॉलेजात शिकवलं होतं, ते आत्ता आठवलं. लाजेनं त्यांचे कान तापले.

दाढेची पक्कड एवढी एकच. बाकावर पाटलांच्या घरच्या द्वारकाबाई, गाल टम्म सुजलेला, तीन दिवसांच्या उपाशी.

मुक्ताबाई घरी गेली आणि कमरेवर घागर घेऊन आली. दोन कोसांवरच्या विहिरीतून पहाटे आणलेलं, पोराबाळांच्या पिण्याचं पाणी. तिनं पक्कड भिजत घातली आणि बाभळीच्या काट्यानं बिजागरीतली खपली कणाकणानं काढली. पाऊण तास मान वर केली नाही. मग पुन्हा उकळायला ठेवली. डॉक्टर थक्क होऊन बघत राहिले. एवढी निष्ठा त्यांनी कुठल्याच प्राध्यापकात पाहिली नव्हती.

दाढ निघाली. चूळ भरायला पाणी हवं होतं, आणि पाणी होतं ते त्या घागरीतलंच. द्वारकाबाईंच्या घरात मुक्ताबाईच्या हातचं पाणी चालत नव्हतं. त्या क्षणभर घागरीकडे बघत राहिल्या. मग स्वतःच पेला पुढं केला. चूळ भरली, पेला पुन्हा पुढं धरला.

"बास, बाई," मुक्ताबाई शांतपणे म्हणाली. "ऱ्हायलेलं पक्कडीचं हाय. भाईर आजून चौघं बसल्यात."

बौद्धवाड्यातल्या कुणी पाटलांच्या घरच्यांना 'नाही' म्हटल्याचं द्वारकाबाईंना आठवत नव्हतं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि गालात कापूस दाबून धरला.

डॉक्टर उठले. घागर उचलून मुक्ताबाईच्या हातातल्या पक्कडीवर त्यांनी बारीक धार धरली.

"पुरे?"

"जरा आजून. बिजागरीत सोडा."

त्यांनी घागर आणखी कलती केली.