चिंगीला सांगितलेलं

सुनेशी सकाळ-संध्याकाळ बोलणारा आणि तरीही सुनेशी एकही शब्द न बोललेला असा माणूस अख्ख्या प्रवरेच्या काठी दुसरा सापडायचा नाही. हे माझे चुलतसासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि हे माझ्या कैलासवासी सासऱ्यांहून वयानं मोठे, म्हणून थोरले मामा. लग्न त्यांनी केलं नाही. कोल्हारच्या आमच्या घराची पुढची पडवी त्यांची, पडवीला लागून गोठा आणि गोठ्यात चिंगी. चिंगी हे नाव ऐकून कुणी चिमुकल्या वासराची कल्पना करू नये. दारात आडवी उभी राहिली तर घरातला उजेड जाईल, एवढी ती म्हैस होती. सुनेशी समोरासमोर बोलणं म्हणजे भलताच आगाऊपणा, अशी थोरल्या मामांची पक्की समजूत. पण गप्प बसणं हेही त्यांच्या स्वभावात नाही. मग त्यांनी यावर तोडगा काढला. मला जे सांगायचं ते ते चिंगीला सांगत, फक्त माझ्या खिडकीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते. गोठ्यातून आवाज आला, "चिंगे, नव्या मानसाला सांग, बंबाचं झाकन लई तापतंय. फडकं घिऊन उचल म्हनावं." मी ब्रश तोंडात धरून म्हशीकडे बघितलं, म्हशीनं माझ्याकडे बघितलं आणि थोरले मामा पाठमोरे होऊन शेण गोळा करत राहिले. पुढे भाजीत मीठ जास्त झालं की चिंगीला कळायचं, मी मोबाईल चार्जिंगला लावून विसरले की चिंगीला कळायचं. मी नगरला शिकले-सवरलेली मुलगी. मी आपली थेट "बरं मामा" म्हणून मोकळी व्हायचे. काहीही झालं तरी आपण म्हशीशी बोलायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

दुधाच्या बाबतीत मात्र घरात त्यांचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. सगळं आयुष्य त्यांनी गावच्या दूध संकलन केंद्रावर काढलं होतं. कॅनचं झाकण उघडताच नुसत्या वासावर ते दुधात कुणाच्या विहिरीचं पाणी आहे ते सांगत, अशी त्यांची ख्याती. ती निम्मी खरी असावी आणि निम्मी त्यांनीच पसरवलेली. कुणाच्या घरी चहा घेतला तर कपाला आधी नाक लावायचे आणि मग तोंड. एकदा एका लग्नात भर पंगतीत बासुंदीचा पहिला घोट घेऊन ते थांबले आणि शेजारच्याला हळूच म्हणाले, "पावडरीची हाय." त्यांचं 'हळूच' मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. नवरीच्या बापानं पुढचं वर्षभर त्यांना बघून रस्ता बदलला.

अशा माणसाच्या घरात मी बाळंतीण म्हणून आले. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी झालं, पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बारसं उरकून मी मुलीला घेऊन लवकरच कोल्हारला परतले. नवरा चाकणला नोकरीला, शनिवारी यायचा. घरात सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, आणि बाहेर चिंगीसह थोरले मामा. दोघांनी मिळून माझा ताबा घेतला. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, शेपूची भाजी, तूप घातलेली बाजरीची भाकरी. ताट संपायच्या आत पडवीतून विचारणा व्हायची, "चिंगे, आंबोन खाल्लंस का समदं? का ठिवलंस निम्मं?" आंबोण म्हणजे दुभत्या जनावराला भिजवून देतात ते खाद्य. प्रश्न कुणाला आहे ते चिंगीलाही कळत असावं, कारण ती मान वर न करता खात राहायची.

इतकं खाऊन माझी गालफडं तेवढी भरली. मुलगी मात्र किरकिर करायची. पाजून खाली ठेवलं की रडायची आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या काट्यावर तिचं वजन जिथल्या तिथे. येणारी प्रत्येक बाई माझ्या छातीकडे बघून "दूध पुरत न्हाई का गं?" असं विचारायची, आणि असं विचारलं की मी मुलीला उचलून आतल्या खोलीत जायचे. शेवटी आत्यांनी मेडिकलमधून पावडरीचा डबा आणला. त्यांचं काही चुकलं नाही, उपाशी नात त्यांना बघवत नव्हती. पण तो डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसला की मला वाटायचं, आता आपलं येतंय तेही आटणार. मला तिला पाजायचं होतं. साऱ्या जगात तेवढी एकच गोष्ट मला त्या दिवसांत हवी होती.

थोरल्या मामांनी डबा पाहिला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी गोठ्यातून फर्मान निघालं. "चिंगे, तुझी धार किती येळा काढतो मी? सकाळी आन संध्याकाळी. मधी मधी वढलं तर कास भरंल का? कास भरू द्यावी लागतीया. सारखं लेकरू लावलं तर काय उतरनार?" एरवी मी हसले असते. पण हरलेल्या माणसाला कुणाचंही पटतं. आत्यांनाही पटलं. मग मी मुलीला डेअरीच्या वेळापत्रकावर घेतलं. भरपूर वेळ साठू द्यायचं, मग पाजायचं, मधे रडली तर झोळी हलवायची आणि अगदीच थांबेना तर डबा. चार दिवसांत दूध वाढायच्या ऐवजी आणखी कमी झालं. मी पांघरुणात तोंड खुपसून रडायचे आणि पडवीत थोरले मामा चिंगीला विचारायचे, "आता काय कमी पडतंय गं?"

तेवढ्यात उपकेंद्राच्या सिस्टर घरी आल्या. त्यांनी आधी मला पाजायला सांगितलं, नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही निस्तं टोक धरतीय. तोंड मोठं उघडू दे, मग आत घे. हां, असं." मग वेळापत्रक ऐकलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "हे काय डेअरीचं दूध हाय का साठवायला? बाळ जेवढं वढंल तेवढं पुढं येतंय. रिकामं केलं की भरतंय, तसंच ठिवलं की आटतंय. मागंल तवा पाज, रात्रीबी पाज. उघड्या अंगाशी धरून झोप. पानी पी, आराम कर. डबा एकदम तोडू नको, मी सांगते तसा कमी करू. आठ दिवसांनी वजन करू. न्हाई वाढलं तर डॉक्टर सांगतील तसं, तवा डब्याची लाज धरायची न्हाई." जाताना त्यांनी दारातून विचारलं, "असलं टायमाचं डोकं कुनी चालवलं?" पडवीतली बादली तेवढी वाजली.

त्या संध्याकाळी धार काढून झाली तरी थोरले मामा उठले नाहीत. चिंगीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. मग एरवीपेक्षा पुष्कळ खालच्या आवाजात म्हणाले, "चिंगे, चूक झाली बरं का. मला काय ठावं? माझी आय मी मांडीवर असतानाच गेली. म्हशीच्या दुधाच्या बोळ्यावर वाढलो मी. आईचं दूध कसं येतंय ते बघितलंच न्हाई कवा." एवढं बोलून त्यांनी उपरण्यानं चिंगीचं तोंड पुसलं आणि त्याच उपरण्यानं आपलंही पुसलं. खिडकीत मी मुलीला घेऊन उभी होते. थेट "असू द्या मामा" म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी मुलीला पदराखाली घेतलं आणि तिथेच पाजायला बसले.

दुसऱ्या दिवसापासून हाच माणूस नव्या मताचा असा काही भक्त झाला की जुनं बरं होतं असं वाटावं. मुलीनं नुसता हुंकार दिला की पडवीतून हाक, "चिंगे, लेकरू मागतंय, ऐकू येत न्हाई का?" माझ्या हातात केरसुणी दिसली की, "चिंगे, व्यालेल्या म्हशीला कुनी नांगराला जुपतं का?" दुपटी तेच धुऊ लागले, आणि डेअरीतली गाळायची फडकी वाळत घालायचे तशी कडक ताणून वाळत घालू लागले. सगळ्यात मोठा बंदोबस्त त्यांनी पाहुण्यांचा केला. परकं माणूस जवळ असलं की म्हैस पान्हा चोरते, हे त्यांचं जुनं ज्ञान होतं आणि सिस्टरांनी 'आराम' म्हटल्यापासून त्याला धार आली. बाळ बघायला आलेल्या बायकांना ते फाटकातच अडवत आणि सांगत, "आज म्हैस बिचाकलीय, नव्या मानसाला मारती. पुढच्या हप्त्यात या." चिंगीनं जन्मात कुणाला शिंग दाखवलं नव्हतं. त्या गरीब जनावराची माझ्यापायी गावभर बदनामी झाली. पण "दूध पुरत न्हाई का गं" हा प्रश्न बंद झाला, आणि मी मुलीला छातीशी घेऊन भर दुपारी निवांत झोपायला लागले.

वजनाच्या दिवशी ते आमच्या मागोमाग उपकेंद्रापर्यंत आले आणि बाहेर लिंबाखाली पाठ करून उभे राहिले. काट्यावर मुलीला ठेवलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. सिस्टर म्हणाल्या, "वाढलं की गं! छान वाढलं." मी मुलीला उचलून धावत बाहेर आले. थोरल्या मामांनी मान वळवली आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्यांचे ओठ हलले, त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आजूबाजूला म्हैस नव्हती. उभी होती ती कुणाची तरी मोटारसायकल. तिच्या सीटवर दोनदा थाप मारून ते म्हणाले, "चला, चिंगीला सांगाया पायजे," आणि म्हाताऱ्या पायांनी इतके भरभर निघाले की मुलीला घेऊन मी मागे पडले. हळूहळू डबा फळीवरून उतरला. त्यात आता आत्यांचं मेतकूट असतं.

माझी बाळंतपणाची रजा संपली आणि मी मुलीला घेऊन नगरला नोकरीवर परतले. तेव्हा थोरल्या मामांनी व्हिडिओ कॉल शिकून घेतला. फोनच्या पडद्यावर चिंगीचं अख्खं तोंड, आणि मागून आवाज, "चिंगे, इचार, पाजती का अजून? जेवती का येळंवर?" मुलगी आता वर्षाची होऊन गेली आहे, भात-वरण खाते. पण मी कामावरून आले की आधी येऊन कुशीत शिरते, आणि मी तिला पाजते. त्या वेळी मला कधी कधी मांडीवरचं दुसरंच एक मूल आठवतं, ज्याची आई लवकर गेली होती.

मागच्या महिन्यात त्यांचे गुडघे अगदीच कामातून गेले. धारेला बसणं जमेना. चिंगीला बाजार दाखवायचा नाही, एवढा हट्ट धरून त्यांनी ती ओळखीच्या घरी दिली. आठवडाभर फोन आला नाही. मग एका संध्याकाळी आला. पडद्यावर रिकामा गोठा होता, झाडून काढलेला. मधोमध खुंटा, त्याला दावं तसंच गुंडाळलेलं. मागे कुणीतरी खाकरलं. मी वाट पाहिली. मांडीवर मुलगी पीत होती. पडद्यावर खुंटा सारखा हलत होता.

मग मीच म्हटलं, "चिंगे, मामांना विचार, जेवले का?"

खुंटा हलायचा थांबला.

"चिंगे," आवाज आला, नेहमीसारखा खिडकीपर्यंत पोचेल एवढा, "जेवलो म्हनावं. आन तिला सांग, लेकराला पाजतीस अजून, पोटभर खात जा."