न बोलावता आलेला नायक

"हे कोणाला हवंय? नाव सांगा."

मीटिंगमध्ये कोणी 'ऑडियन्सला असंच लागतं' म्हणालं की ताई चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि शांतपणे हा प्रश्न विचारायच्या. नाव कोणालाच सांगता यायचं नाही. मग चष्मा परत नाकावर चढायचा आणि पुढचं पान उलटलं जायचं. तुम्हीही आपापल्या ऑफिसात असं एखादं माणूस पाहिलं असेल. त्याच्याशी भांडून जीव मेटाकुटीला येतो, आणि ते रजेवर असलं की करमत नाही.

मी पुण्याहून नुकतीच नोएडाला आले होते, मालिका बनवणाऱ्या एका कंपनीच्या स्क्रिप्ट विभागात. ताई तिथल्या लेखिका. जन्मापासून दिल्लीकर. लिहायच्या हिंदीत, माझ्याशी बोलायच्या मराठीत, आणि मध्येच एखादा शब्द त्यांच्या हातून निसटायचा. "अगं ते, दहलीज. आपण काय म्हणतो त्याला?" मी 'उंबरठा' म्हटलं की तो शब्द दोनदा पुटपुटायच्या, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा.

त्या वर्षी एका कादंबरीने कॉलेजच्या मुलींना वेड लावलं होतं. साधी मुलगी आणि देखणा व्हॅम्पायर यांचं प्रेम. आमच्या निर्मात्यांनी तिचे हक्क घेतले आणि मालिका लिहायचं काम ताईंना दिलं. जुन्या आठवडी मालिका बंद पडल्यापासून त्यांना फारसं कोणी विचारत नव्हतं. बऱ्याच काळाने एवढं मोठं काम हाती आलं होतं आणि त्या मनापासून कामाला लागल्या.

कादंबरीतला डोंगरातला वाडा त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला आणि गोष्ट गुडगावच्या नव्या टॉवरमध्ये आणली. म्हणाल्या, "अर्धे फ्लॅट रिकामे, शेजारी कोण राहतो याचा पत्ता नाही, दर तासाला वीज जाते. व्हॅम्पायरला आणखी काय हवं?" प्रायोजक गोरं करणाऱ्या क्रीमवाले होते. नायक पांढराफटक असणार म्हणून ते खूश झाले. ताईंनी त्यांना समजावलं, "वो गोरा नहीं है जी, मरा हुआ है।"

भांडण पेटलं ते एका प्रसंगावरून. कादंबरीत नायक रात्री खिडकीतून मुलीच्या खोलीत येतो आणि झोपलेल्या तिच्याकडे बघत उभा राहतो. मुलगी जागी होते, आणि विरघळते. ताईंनी तो बदलला. व्हॅम्पायरला बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, ही व्हॅम्पायरच्या गोष्टींतली जुनी समजूत आहेच. ताईंनी तीच धरली. त्यांचा नायक खिडकीबाहेर थांबतो आणि विचारतो. मुलगी नाही म्हणते. तो जातो.

निर्माते हबकले. माणूस प्रेमळ, पण टीआरपीपुढे हात जोडणारा. ते म्हणाले, "मॅडमजी, लड़कियाँ मरती हैं इस सीन पर।"

"मरती हैं," ताई म्हणाल्या, "वही तो कह रही हूँ।"

नायिकेचं काम करणारी मुलगी तेव्हा शिकत होती आणि दिल्लीतल्या मुनिरकात एका भाड्याच्या खोलीत राहायची. रविवारी दुपारी ताई मला घेऊन तिथे गेल्या. आजूबाजूच्या खोल्यांतल्या मुली गच्चीवर जमल्या. ताईंनी आधी कादंबरीतला प्रसंग वाचला, मग स्वतःचा. बऱ्याच मुलींना कादंबरीतलाच आवडला होता, आणि त्यांनी तो आवडल्याचं मोकळेपणाने सांगितलं. ताईंनी ते ऐकून घेतलं. मग एक मुलगी म्हणाली की तिच्या गावी एक जण असाच रोज घरासमोर उभा राहायचा. सगळे म्हणायचे, किती प्रेम आहे बघ. तिला मात्र खिडकी उघडता यायची नाही.

ताईंनी हातातले कागद खाली ठेवले आणि स्वतःचं सांगितलं. मी त्यांना इतके दिवस ओळखत होते, पण हे पहिल्यांदाच ऐकलं. कॉलेजच्या बसमध्ये एक मुलगा त्यांचा पाठलाग करायचा. घरी कळलं तेव्हा त्या मुलाला कोणी काही बोललं नाही. ताईंचं कॉलेज वर्षभर बंद केलं गेलं. "माझे बाबा वाईट नव्हते गं," परतताना त्या मला म्हणाल्या. "त्यांना फक्त तेवढंच सुचलं. म्हणून म्हणते, लोकांना दुसरं काहीतरी सुचवायला पाहिजे."

प्रसंग कादंबरीसारखाच ठेवाल का, असं सोमवारी निर्मात्यांनी शेवटचं विचारलं. ताई म्हणाल्या, "बिल्कुल नहीं." दुसऱ्या दिवशी दुसरा लेखक आला आणि खिडकीतून नायक पुन्हा आत आला.

चित्रीकरण एका अर्धवट टॉवरमध्ये होतं. भर दुपारी खिडकीला काळं कापड लावून रात्र केली होती. नायक आत उतरला, पलंगाशी उभा राहिला. नायिकेने डोळे उघडले. आता तिने लाजून हसायचं होतं. ती उठून बसली आणि म्हणाली, "मैंने बुलाया नहीं। बाहर जाओ।"

नायक नवखा होता. तो इतका गोंधळला की खरोखरच खिडकीतून परत गेला.

दिग्दर्शकाने समजावलं, रागावला, पुन्हा शॉट लावला. तिने पुन्हा तेच केलं. निर्मात्यांनी तिला काढून टाकायची धमकी दिली. ती म्हणाली, काढा. पण निम्मी मालिका तिच्यावर चित्रित झाली होती. शेवटी तोच शॉट ठेवावा लागला.

मी ताईंना फोन करून सगळं सांगितलं.

"तो गेला का पण?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"अच्छा. मग ठीक आहे."

तो प्रसंग लोकांना आवडला. निर्मात्यांनी उमदेपणाने ताईंना परत बोलावलं, नावही देऊ म्हणाले. फक्त पुढे नायिकेने नायकासाठी कडक उपास करायचे होते, म्हणजे तो माणूस होणार होता. ताई गेल्या नाहीत. मालिका काही महिन्यांनी बंद पडली, आणि त्यांचं नाव पडद्यावर कधी आलं नाही. त्याऐवजी त्या दर रविवारी मुनिरकाच्या गच्चीवर मुलींकडून नाटुकली लिहून घेऊ लागल्या. हिंदूराव हॉस्पिटलमध्ये दाखल होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. तिथून त्या परत आल्या नाहीत.

मला त्या आठवतात त्या शेवटच्या रविवारच्या. मुनिरकाची गल्ली अरुंद, दोन माणसं जेमतेम जातील एवढी. ताई मधोमध चालल्या होत्या, खांद्याला पिशवी. मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत आला. मी भिंतीला चिकटले. ताईंनी वळूनही पाहिलं नाही, पावलं भरभर टाकली नाहीत की मंद केली नाहीत. तो वाजवत राहिला, मग थांबला, आणि पाय जमिनीवर टेकवत टेकवत, त्यांच्या चालीने, पार मोठ्या रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे गेला.