गाविलगडच्या कपारीतली पिलं

एलिचपूरच्या वाहेदच्या बापानं नवाबाचे शिकारी ससाणे सांभाळले होते. वाहेदही त्यातच वाढला, पण तो पन्नाशीला आला तोवर ससाणे पाळणारं कुणी उरलं नव्हतं. अमेरिकेत लढाई जुंपली होती, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं आणि जो तो कापसाचंच बोलत होता. म्हणून कापूस तपासणाऱ्या गोऱ्या साहेबाला आपल्या संग्रहासाठी शाहीन ससाण्याची अंडी हवीत असं कळलं, तेव्हा वाहेद हरखला.

"माघात चला," त्यानं साहेबाला तीनदा सांगितलं. कापसाच्या गाड्यांतून साहेबाला सवड झाली ती चैत्रात.

दोराचीही तीच तऱ्हा. सगळा दोर कापसाचे गठ्ठे बांधण्यात गेलेला. बाजारात हातभर मिळेना. शेवटी शेजारच्या नत्थुजीनं आपल्या विहिरीवरच्या मोटेचा जाड नाडा सोडून दिला आणि तो परत येईल याचा भरवसा नसल्यानं स्वतःही बरोबर निघाला.

उजाडताच तिघं गाविलगडच्या कड्यावर पोचले. वाहेदनं ओठावर बोट ठेवलं. साहेबानं चिरूट पेटवला. वाहेदनं खाली बसायची खूण केली. साहेब पांढरी टोपी घालून कड्याच्या टोकावर उभा राहिला. घारीचं घरटं दिसलं, साहेब ओरडला, "शाहीन!" गिधाडाचं दिसलं, पुन्हा "शाहीन!" वर एका पारव्यावर त्यानं बार काढला. दरी दणाणली आणि सकाळभर एक पाखरू फिरकलं नाही.

"यापेक्षा ताशेवाले आणले असते तं बरं," वाहेद पुटपुटला.

"मंग आला काहून तू?" नत्थुजी म्हणाला. "मी तं नाड्यापाई आलो."

दुपार कलल्यावर वाहेदला खडकावर ओघळलेली पांढरी विष्ठा दिसली आणि तिच्या वर एक कपार. नाडा झाडाला बांधला, नत्थुजीनं धरला, वाहेद उतरला. कपारीत पांढऱ्या लवेची दोन पिलं चोची वासून फिसकारत होती.

"कितना अंडा?" साहेबानं वरून विचारलं.

"अंडे नहीं साहेब, पिल्ले हैं!"

"पिल्ला नहीं मंगता! अंडा देखो!"

जणू वाहेदनंच ती उबवली होती! तेवढ्यात मादी आली, आणि वर बंदुकीचा घोडा चढल्याचा आवाज झाला. अंडी नाहीत, तर साहेबाला आता पेंढा भरायला मादी हवी होती.

वाहेदचं डोकं फिरलं. तो पिलांपुढं पाय सोडून बसला. "नत्थुजी, सांग त्याले! बंदूक ठेवल्याबिगर मी वर येत नाई!"

"तुमच्या भांडणात माहा नाडा झिजून राहिला!" नत्थुजी ओरडला.

वाहेद मध्ये बसल्यानं साहेबाला नेम धरता येईना. मादीला यातलं काय कळणार? ती तीनदा वाहेदवर झेपावली, पागोटं फाडलं, कान रक्तबंबाळ केला.

"अवो बाई, तुह्यासाठीच बसलो ना मी!" वाहेद खेकसला.

तासाभरानं साहेब कंटाळला. सकाळी त्याला अमरावतीच्या बाजारात हजर राहायचं होतं. बंदूक गवसणीत घालून, निरोपही न घेता तो घोड्यावरून निघून गेला. नत्थुजीनं वाहेदला वर ओढलं आणि तळहातांवरचे फोड दाखवत घरापर्यंत बोलून घेतलं.

वैशाखात, बकरी बघायला जातो असं बायकोला, आमिनाला सांगून वाहेद एकटाच कड्यावर गेला. दोन्ही पिलं दरीवर उडत होती. एकाला खडकावर उतरताच येईना. दर वेळी ते पुढं जाऊन धडपडत होतं.

"पंख आखड!" वाहेद काठावरून ओरडला. "आखड म्हणतो ना, गाढवा!"