अर्चनाच्या पायाशी कोण होतं?

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि स्वभावाने पक्की संशयी. नवरा म्हणतो, हिला कुणी प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघते. इथले गूढ अनुभव मी वाचते तेसुद्धा थाप कुठे मारलीय ते शोधायला. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहिताना लाज वाटतेय.

जालन्यात आमचं छोटं हॉस्पिटल आहे. नवरा भूलतज्ज्ञ. गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, कुंभार पिंपळगावच्या अर्चनाचं सिझर झालं. मुलगी खणखणीत रडली, पण अर्चनाचं गर्भाशय काही आवळेना... रक्त थांबेचना. इंजेक्शनं झाली, टाके झाले. मंगल सिस्टर सहीसाठी बाहेर गेली, तर अर्चनाची आई म्हणाली, "काय करायचं ते करा, पण लेकरू बिनमायचं करू नका."

अशा वेळी गर्भाशय काढण्याआधीचा शेवटचा उपाय म्हणजे ओटीपोटातल्या रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्ताच्या वाहिन्या, उजवी आणि डावी दोन्ही बांधणं. कॅनॉलला फाटे फुटतात तशी तिथली मोठी रक्तवाहिनी दुभंगते. आतला फाटा गर्भाशय आणि मूत्राशयाकडे जातो, बाहेरचा सरळ पायात. आतला बांधला की रक्ताचा जोर ओसरतो, आणि आजूबाजूच्या लहान वाहिन्या त्या भागाला जगवतात. चुकून बाहेरचा बांधला तर पाय गमवायची वेळ येते. शिवाय मागे पातळ भिंतीची मोठी नीला चिकटलेली... ती फाटली तर आवरणं महाकठीण.

म्हणून आमची पद्धत ठरलेली आहे. गाठ मारण्याआधी दोरा नुसता ताणायचा आणि पायाशी उभ्या असलेल्या माणसाने पावलावरची नाडी लागते का ते सांगायचं. हे काम मंगलचं. माझ्यासमोर मदतीला शोभा सिस्टर होती, डोक्याशी नवरा.

उजवी बाजू नीट झाली. डावीकडे रक्त इतकं साचलं होतं की मी बरंचसं बोटांच्या अंदाजाने चालले होते. दोरा वाहिनीखालून घेतला, ताणला आणि मान वर न करता विचारलं, "मंगल, नाडी?"

"थांब गं माय... नाडी लागून न्हाई राह्यली."

मी दोरा सैल सोडला. रक्त टिपून नीट पाहिलं, तर तो पायाच्या वाहिनीभोवती होता. मग आतली वाहिनी शोधून बांधली आणि हळूहळू रक्त थांबलं.

बाहेर आल्यावर मंगलला म्हटलं, "आज तुझ्यामुळे पाय वाचला."

ती गोंधळली. "मॅडम, मी कुठं होते? सरांनी रक्त आणायला धाडलं होतं ना. उजवं झालं तवाच गेल्ते."

मला पहिला संशय तिचाच आला. पण कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यात ती बाहेर जाताना दिसते आणि बऱ्याच वेळाने पिशव्या घेऊन परतताना. मधे दारातून कुणीच गेलं-आलं नाही. मग संशय शोभावर गेला. ती म्हणाली, "मी बी ऐकलं, मॅडम. मला वाटलं मंगलच हाय." नवऱ्याने काहीच ऐकलं नव्हतं, त्याचं लक्ष मॉनिटरवर होतं. माझ्याच मनाचा खेळ म्हणावा, तर शोभाने तो आवाज कसा ऐकला? आणि मला 'गं माय' म्हणणारं त्या हॉस्पिटलात कुणी नाही.

सव्वा महिन्याने अर्चना तपासणीला आली, जिना चढून, मुलीला छातीशी धरून. तिच्या आईने पिशवीतून खण-नारळ काढला.

"हे पायाशी बसलेल्या आजीसाठी. अर्चना म्हणती, त्यांनी तिचा पाय बराबर धरून ठिवल्ता."

अर्चनाला पूर्ण भूल होती. मी लगेच दोघी सिस्टरना बोलावून विचारलं, हिला कुणी काय सांगितलं? दोघी म्हणाल्या, काहीच नाही. मला अजूनही खात्री नाही की त्या खरं बोलत होत्या. पण खोटं बोलून त्यांना काय मिळणार, तेही कळत नाही.

मी अर्चनाला विचारलं, "कशा होत्या त्या आजी?"

"तोंड न्हाई दिसलं, मॅडम. हात तेवढा ऊन होता."

नारळ आम्ही फोडून सगळ्यांनी खाल्ला. खण माझ्या कपाटात आहे. तो कुणाच्या ओटीत घालायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.